किती रुपये गेले?

"किती रुपये गेले?" तक्रार लिहून घेणाऱ्याने विचारलं.

"रुपया नाई गेला, साहेब," आत्या म्हणाली.

त्याचा पेन थांबला. माणूस वाईट नव्हता. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या होत्या, सगळं नीट ऐकून घेतलं होतं. पण समोरच्या कागदावर एक रकाना होता, त्यात आकडा लागत होता आणि आत्याकडे आकडा नव्हता. शेवटी त्याने तिथे शून्य लिहिलं. बाहेर आल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. एसटी स्टँडवर चहा घेताना म्हणाली, "म्हंजे माहं काई गेलंच नाई, असं झालं नं?"

गोष्ट गेल्या नोव्हेंबरातली आहे. आत्या घाटंजी तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. तिचा नंबर गावात कोणाकडे नाही असं घर सापडणार नाही. पोराला ताप आला, लस कधी आहे, पोषण आहार आला का, सगळ्यासाठी तिलाच फोन. असाच तो एका तरुण शेतकऱ्याच्या फोनमध्ये 'अंगणवाडी बाई' या नावाने होता. त्याची मुलगी आत्याच्या अंगणवाडीत येते. आत्याचा आणि त्याचा संबंध एवढाच.

त्याचा कापूस घरात पडून होता आणि वेचणीची मजुरी द्यायची होती. कोणीतरी पाठवलेल्या लिंकवरून त्याने कर्जाचं ॲप उतरवलं. सहा हजार मागितले, कापून तीन हजार आठशे हातात पडले, सात दिवसांत सहा हजार फेडायचे होते. आठव्या दिवसापासून फोन सुरू झाले. आधी त्याला, मग त्याच्या फोनमधल्या सगळ्यांना. दहाव्या दिवशी गावातल्या चाळीसेक नंबरांवर एक फोटो आला. तो आत्याच्या व्हॉट्सॲपचा फोटो होता, भाच्याच्या लग्नात काढलेला, हिरव्या साडीतला. खाली लिहिलं होतं की ही बाई जामीनदार आहे, हिने पैसे बुडवले, हिच्याकडून वसूल करा.

आमच्याकडे 'जामीनदार' हा शब्द हलका नाही. जामीन राहून शेत गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत. दोन-तीन दिवस बाया पोरांना सोडायला यायच्या आणि न बोलताच निघून जायच्या. एकीने शेवटी विचारलं, "बाई, खरंच काय वो?"

त्या रात्री आत्याने मला पुण्याला फोन केला. "तू कम्प्युटरचा हायेस नं? मले सांग, मी तं कोठी सही केली नाई, कोठी अंगठा देल्ला नाई. मंग माहा नंबर यायच्याजवळ काऊन?"

मला उत्तर माहीत होतं. तिला वाटत होतं त्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

*

यवतमाळला इंजिनिअरिंग केलं आणि पुण्यात पहिली नोकरी लागली ती मोबाइलवरून छोटी कर्जं देणाऱ्या एका कंपनीत. ती कंपनी धमक्या देणारी नव्हती. नोंदणी, ऑफिस, कॉफी मशीन, सगळं रीतसर होतं. मला मिळालेलं पहिलं मोठं काम म्हणजे ग्राहकाच्या फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट सर्व्हरवर आणायची.

काम अवघड नव्हतं. ॲप परवानगी मागतं, स्क्रीनवर चौकट येते, माणूस 'अलाऊ' दाबतो, कारण न दाबल्यास कर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही. मग सगळी नावं आणि नंबर वर येतात. सर्वसाधारण माणसाच्या फोनमधून काहीशे नंबर येत. मी हे इतकं नीट केलं होतं की नेटवर्क गेलं तरी राहिलेले नंबर नंतर आपोआप यायचे. यवतमाळसारख्या ठिकाणी नेटवर्क जातं हे मला माहीत होतं ना. त्या कामाबद्दल माझं मीटिंगमध्ये कौतुकही झालं.

त्या नंबरांचं काय व्हायचं? कर्ज द्यावं की नाही हे ठरवणाऱ्या मॉडेलला ते दिले जायचे. किती नंबर आहेत, त्यातले किती आमच्याकडे आधीच आहेत, आणि मुख्य म्हणजे, ज्यांनी आमचं कर्ज थकवलं अशा किती जणांशी या माणसाची ओळख आहे. मॉडेलला पिन कोडही दिलेला होता. आमच्या जिल्ह्याचे पिन ४४५ ने सुरू होतात. एकदा कुठल्या पिनला किती जोखीम धरली जाते त्याचा तक्ता मी सहज उघडला आणि आधी ४४५ शोधला. नंतर तक्ता बंद केला.

आता याच हिशोबात आत्याला बसवून बघा. तिने कर्ज घेतलेलं नाही, ॲप पाहिलेलं नाही. पण कर्ज थकवलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये ती आहे. उद्या तिने शिलाई मशीनसाठी कुठे पाच हजार मागितले आणि तिथलं मॉडेल अशाच पद्धतीने शिकलेलं असलं, तर तिचा अर्ज नाकारला जाईल. का नाकारला ते तिला कोणी सांगणार नाही, कारण कोणा माणसाने ते ठरवलेलंच नसेल.

तेव्हा हे बेकायदेशीर आहे असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये सांगितलं की त्यांनी पाहिलेल्या सुमारे अकराशे कर्ज-ॲपपैकी सहाशे बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने नियम केला की कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फोटो यांना हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी गूगलनेही आपल्या प्ले स्टोअरवरच्या कर्ज-ॲपना तीच बंदी घातली. मग अशी ॲप प्ले स्टोअर सोडून लिंकवर आली. आमच्या गावात आलेलं त्यातलंच एक.

*

माझा शाळेतला एक मित्र यवतमाळच्या कोर्टात वकिली करतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पोलिसांचं सोड, ते सरकार विरुद्ध गुन्हेगार असं असतं. तुझी आत्या विरुद्ध ती कंपनी, असं काही उभं राहतं का ते बघू."

दोन माणसांमधला जो कायदा असतो, करार, नुकसानभरपाई, ठेव, विश्वस्त, त्याला वकील खासगी कायदा म्हणतात. नाव नवीन वाटलं तरी गावात सगळ्यांना तो पाठ असतो. मी शेजाऱ्याला पेरणीपुरता बैल दिला. त्याने स्वतःच्या बैलाची घेतली असती तेवढी काळजी माझ्या बैलाचीही घ्यायची, आणि हयगयीने बैल मेला तर भरून द्यायचं. हेच १८७२ च्या करार कायद्यात लिहिलेलं आहे. यात सरकार कुठे येत नाही. ज्याचा बैल गेला त्याला शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं, एवढंच.

मग डेटाचं तसं का नाही? मित्राने बोटं मोजली. करार? करार त्या तरुणाचा आणि ॲपचा. त्याने 'अलाऊ' दाबलं, आत्याने नाही, आणि त्याची संमती आत्याला लागू होत नाही. ग्राहक न्यायालय? आत्याने सेवा घेतलीच नाही, ती ग्राहक कशी? ठेव? बैल ही वस्तू आहे, तो जातो आणि परत येतो. नंबर कुठे जात नाही. तो आत्याकडेही राहतो आणि शंभर ठिकाणीही जातो. बदनामीचा दिवाणी दावा मात्र नक्की होतो, आणि खासगीपणा मोडल्याचाही होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच, राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या खटल्यात, खासगी आयुष्यात बेकायदा घुसलेल्याकडून भरपाई मागता येते हे मान्य केलंय. पण दावा लावायचा कोणावर? समन्स कुठल्या पत्त्यावर पाठवायचं? ॲपवर पत्ता नव्हता, रोज नवा नंबर होता.

"आणि समज, पत्ता असता," मी विचारलं. "माझी जुनी कंपनी असती, नाव, ऑफिस, सगळं असलेली?"

त्याने लगेच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी त्याने मला कायद्याचे कागद पाठवले आणि ते मी पुण्यात रात्री बसून, कोड वाचतो तसे, ओळ न ओळ वाचले.

*

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माहितीच्या युगात धोका फक्त सरकारकडून नाही, खासगी कंपन्यांकडूनही आहे, हेही त्यात आलं. पण मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध वापरता येतो. कंपनीविरुद्ध काय, हे संसदेने ठरवायचं होतं.

तोवर आपल्याकडे होतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ४३-अ. कंपनीने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय केली आणि त्यातून कोणाचं नुकसान झालं, तर कंपनीने त्या माणसाला भरपाई द्यायची. म्हणजे बैलाचाच न्याय. पाच कोटींपर्यंतच्या दाव्याचा निवाडा राज्याचे आयटी सचिव करतात, कोर्टात जायला लागत नाही. याच कायद्याखाली २०१३ मध्ये महाराष्ट्राच्या आयटी सचिवांनी पंजाब नॅशनल बँकेला आदेश दिला होता. पुण्यातल्या एका वाहन-सुटे-भाग कंपनीच्या खात्यातून फसव्या ईमेलमधून ८० लाख १० हजार रुपये गेले होते. तक्रारदाराने त्या ईमेलला उत्तर दिलं होतं, तेव्हा थोडी चूक त्याचीही धरली गेली. पण बँकेची तपासणी कच्ची होती म्हणून तिने ४५ लाख द्यावेत असं ठरलं. कोणाचं किती चुकलं आणि कोणी कोणाला किती द्यायचं, हे तिथे मोजलं गेलं. तो निकाल वाचून मला बरं वाटलं.

पण त्या कलमातही आत्या बसत नाही. 'संवेदनशील' माहितीची यादी २०११ च्या नियमांत आहे. पासवर्ड, बँकेचे तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे वगैरे. नुसतं नाव, फोटो आणि फोन नंबर त्यात नाही.

मग आला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. याचे नियम, योगायोग बघा, आत्याला त्रास झाला त्याच नोव्हेंबरात, २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. हा कायदा वाचताना आधी मी खूश झालो, कारण यात आत्या बसते. फोन नंबर हा वैयक्तिक डेटा आहे. तो आत्याचा आहे, म्हणून संमती आत्याची लागेल, त्या तरुणाची चालणार नाही. त्याने स्वतःच्या फोनमध्ये तिचा नंबर ठेवणं हे घरगुती काम म्हणून सोडून दिलंय, तेही योग्यच. मी लिहिलेला तो कोड या कायद्याखाली सरळ चुकीचा ठरतो.

पुढे दंडाचं परिशिष्ट आहे. डेटा सांभाळला नाही तर २५० कोटींपर्यंत दंड. आकडा मोठा आहे. मग कलम ३४ येतं, आणि ते सांगतं की दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होईल. आत्याला किती? मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. कुठेच नाही. उलट, हाच कायदा कलम ४३-अ रद्द करतो. आधी निदान काही लोकांना भरपाई मागता यायची, ती वाटही बंद होणार. न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही होता. २०२२ च्या मसुद्यात तो गेला आणि परत आला नाही.

मंडळाला वाटलं तर ते दोघांना मध्यस्थीकडे पाठवू शकतं आणि तिथे कंपनी काही द्यायला तयार होऊ शकते. पण ती कंपनीची मर्जी, आत्याचा हक्क नाही. मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाला अधिकार नाही, असंही कलम आहे. मंडळ भरपाई देऊच शकत नाही, म्हणून भरपाईचा दावा या मनाईत येत नाही, असा युक्तिवाद माझा मित्र करायला तयार आहे. तो टिकतो का हे न्यायालयं ठरवतील. आणि हो, खोटी किंवा उथळ तक्रार केली तर तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत दंड आहे. म्हणजे या कायद्यात आत्याच्या नावापुढे आकडा येऊ शकतो, पण तो फक्त द्यायचा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते एका शब्दाने. कायदा डेटा घेणाऱ्या कंपनीला 'फिड्युशिअरी' म्हणतो. फिड्युशिअरी म्हणजे ज्याच्यावर विश्वासाने काही सोपवलंय तो. आपल्याकडे विश्वस्त म्हणतात, देवस्थानाचा असतो तसा. विश्वस्ताने विश्वास मोडला आणि तोटा झाला, तर तो त्याने भरून द्यायचा, असं १८८२ च्या न्यास कायद्यात स्वच्छ लिहिलंय. नव्या कायद्याने विश्वस्त हे नाव घेतलं आणि भरून द्यायची जबाबदारी मागे ठेवली.

युरोपात हे वेगळं आहे. तिथल्या कायद्याच्या कलम ८२ प्रमाणे पैशांचं नुकसान असो वा मनाचं, ते सोसणारा माणूस कंपनीकडून स्वतः भरपाई मागू शकतो. ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीने अल्गोरिदम लावून लोक कोणत्या पक्षाकडे झुकलेले असतील याचा अंदाज बांधला होता. एका माणसाला त्याचा संताप आला आणि अपमान वाटला. पैसा त्याचाही गेला नव्हता. ४ मे २०२३ ला युरोपीय न्यायालयाने सांगितलं की नुसता नियम मोडला एवढ्यावर भरपाई मिळणार नाही, नुकसान दाखवावं लागेल. पण ते नुकसान अमुक एवढं गंभीरच असावं, अशी अट घालता येणार नाही. आत्या तिथे असती तर कागदावर लगेच शून्य लिहिलं गेलं नसतं.

*

हे सगळं ऑफिसमधल्या मित्रांना सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "गावात कसली रे प्रायव्हसी? तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं."

खरं आहे. फेब्रुवारी २०२० पासून महात्मा फुले कर्जमुक्तीच्या याद्या लागल्या तेव्हा कोणावर किती कर्ज आहे हे सगळ्या गावाने फलकावर वाचलं. त्यात बाबांचंही नाव होतं. लोक बोट ठेवून वाचत होते. बाबा त्या दिवशी उशिरा घरी आले.

पण गावात माझ्याबद्दल कोणाला काय माहीत आहे, ते मलाही माहीत असतं. कोणी खोटं पसरवलं तर त्याच्या ओसरीवर जाऊन 'का रे बाबा, असं काऊन बोलला?' म्हणून विचारता येतं. ओसरी आहे, माणूस आहे. आत्याचं दुखणं लोकांना कळलं हे नव्हतंच. जाब विचारायला समोर कोणी नव्हतं, हे होतं. खासगी कायदा माझ्या समजुतीने एवढंच करतो, ओसरी देतो. ज्याने त्रास दिला त्याला, ज्याला त्रास झाला त्याच्यासमोर उभं करतो. २५० कोटींच्या दंडाने कंपनी घाबरेल, सुधारेलही, आणि ते हवंच. पण तो हिशोब कंपनी आणि सरकारचा झाला.

खरं तर हे आत्याला माझ्याआधी कळलेलं होतं. मी तिला भरपाईबिरपाई समजावत होतो तेव्हा ती म्हणाली, "मले पैसे नको रे. ज्यानं लिवलं त्यानं यावं आन् बायायसमोर सांगावं, का या बाईनं जामीन देल्ला नोयता."

आत्या अंगणवाडीत पोरांच्या वजनाचं रजिस्टर ठेवते. एखाद्या आईला तिच्या लेकराचं वजन दाखवताना ती वरच्या आणि खालच्या ओळीवर हात ठेवते. शेजारणीचं लेकरू कमी वजनाचं आहे हे दुसरीला दिसू नये म्हणून. हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही. मी लहानपणापासून पाहत आलोय, पण ते काय आहे हे मला यंदा कळलं.

*

जानेवारीत सुट्टीवर गेलो तेव्हा अंगणवाडीत माता बैठक होती. आत्याने मला नेलं. तो लिहिणारा येणार नव्हता, तेव्हा मीच सांगावं असं तिचं म्हणणं. पंधरा-सोळा बाया होत्या, कडेला पोरं. तो तरुण दारात उभा होता, आत यायला त्याला संकोच वाटत होता. मी फोन हातात घेऊन दाखवलं. ॲप परवानगी कशी मागतं, एकाने 'अलाऊ' दाबलं की दुसऱ्यांचे नंबर कसे जातात, बाईंचा फोटो कुठून उचलला. बाईंनी जामीन दिलेला नाही, आणि असा कोणी जामीनदार होतही नाही, हेही सांगितलं. कोणी धमकावलं तर १९३० वर फोन करा म्हणालो. बाया मान हलवत होत्या. आत्या भिंतीला टेकून ऐकत होती.

थांबता आलं असतं. पण मी पुढे सांगितलं की नोकरीला लागलो तेव्हा फोनमधले नंबर उचलायचं असंच काम मी स्वतः केलंय.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग मागून एका बाईने विचारलं, "म्हंजे भाऊ, आमचे नंबर तुमच्याजवळ बी हायेत काय?"

मी ती नोकरी सोडली तेव्हा लॅपटॉप परत घेतला, ओळखपत्र परत घेतलं, सह्या घेतल्या. वर आणलेल्या नंबरांचं काय करायचं, हे ना मी विचारलं, ना मला कोणी विचारलं. ४४५ च्या पिनवर आमचे ग्राहक होते, आणि त्यांच्या फोनमध्ये या बाया असणार.

"असतील," मी म्हणालो.